खाणबाधित गावाला निधी हवा असेल तर अर्जाचा नमुना शोधू नका

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा भागातलं तुमचं गाव, कोळशाच्या उघड्या खाणीपासून ६ किलोमीटरवर. गावच्या दोन विहिरींपैकी एकीचं पाणी गेल्या काही वर्षांत मचूळ झालंय, दुसरी मार्चमध्येच तळ दाखवते. रस्त्याने दिवसरात्र कोळशाचे ट्रक. रस्त्याकडेच्या पऱ्हाटीचा कापूस काळपट निघतो आणि व्यापारी त्यावरून भाव पाडतो. तुम्ही ग्रामपंचायतीच्या सदस्य, शिवाय बचत गट चालवता. पुण्यातल्या भाचीने सांगितलं की अमेरिकेत अशा वस्त्यांना ‘पर्यावरणीय न्याय’ म्हणून सरकार अनुदान देतं. आपल्याकडे तसं काही आहे का, अर्ज कुठे मिळतो? आणि तालुक्याला एक जण ‘प्रस्ताव तयार करून मंजूर करून आणतो’ म्हणून आगाऊ पैसे आणि वर टक्केवारी मागतोय, ते द्यायचे का?

शेवटचं आधी. एक रुपया देऊ नका. तो माणूस जो कागद करून देणार आहे तो तुमच्या ग्रामसेवकाने अर्ध्या दिवसात लिहावा असा असतो. आणि ‘मंजूर करून आणणं’ त्याच्या हातात असतं तर तो तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर बसला नसता.

मी मूळचा पाणीपुरवठ्यातला अभियंता. अंदाजपत्रकं केली, फायली अडवल्याही, हे कबूल करतो. गेली काही वर्षं खाणीच्या आसपासच्या गावांसोबत त्याच फायली बाहेरून ढकलतोय. त्यामुळे खाली जे लिहितोय ते दोन्ही खुर्च्यांवरून पाहिलेलं आहे.

भाचीने सांगितलं ते खोटं नाही, पण अर्धंच. अमेरिकेत २०२२ च्या एका मोठ्या कायद्यात अशा वस्त्यांसाठी ३ अब्ज डॉलर ठेवले होते. संस्थांनी अर्ज केले, मंजुऱ्या आल्या, करार झाले. २०२५ मध्ये सरकार बदललं आणि त्यातली बरीचशी अनुदानं मध्येच रद्द झाली, उरलेला निधी कायदा करून काढून घेतला गेला. अनुदानाचं असंच असतं. ते देणाऱ्याच्या मर्जीने येतं आणि मर्जी फिरली की जातं. आपल्याकडे जे आहे त्याची जात वेगळी आहे, म्हणून मी गावात ‘अनुदान’ हा शब्दच वापरू देत नाही.

आपल्याकडे २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ९ब आलं. खाणीचा परिणाम होतो अशा प्रत्येक जिल्ह्यात एक विश्वस्त संस्था स्थापन करायची, ती म्हणजे जिल्हा खनिज प्रतिष्ठान. लोक तिला ‘खनिज निधी’ म्हणतात. खाणवाला सरकारला जे स्वामित्वधन (रॉयल्टी) भरतो त्याच्यावर आणखी काही टक्के त्याने या प्रतिष्ठानात भरायचे. १२ जानेवारी २०१५ च्या आधीचा खाणपट्टा असेल तर स्वामित्वधनाच्या ३० टक्के, त्यानंतर लिलावात गेलेला असेल तर १० टक्के. कोळशाचं स्वामित्वधन किमतीच्या १४ टक्के आहे. म्हणजे तुमच्या गावावरून १०० रुपयांचा कोळसा गेला की १४ रुपये राज्य सरकारला आणि, खाण जुनी असेल तर, ४ रुपये २० पैसे खनिज निधीत. ट्रक मोजायची सवय तुमच्या गावच्या पोरांना आहेच, त्यांना हा हिशेब सांगा. देशभरात या निधीत आजवर १ लाख कोटी रुपयांहून अधिक जमा झालेत.

हा पैसा सरकारच्या तिजोरीतून दिलेली मदत नाही. खाणीमुळे ज्यांचं पाणी, जमीन, हवा बिघडली त्यांच्यासाठी खाणवाल्याकडून वसूल केलेला आहे, आणि तो राज्याच्या तिजोरीत वळवायला केंद्राने २०२१ मध्ये आदेश काढून मनाई केली. त्यामुळे मागण्याची भाषा बदलते. ‘कृपया मंजूर करावे’ असं लिहिलेला कागद आणि ‘बाधित गावाच्या आराखड्यात समाविष्ट करावे’ असं लिहिलेला कागद, या दोघांकडे पाहणारा कारकून वेगवेगळ्या नजरेने पाहतो. मी पाहिलंय, कारण मी स्वतः तसं पाहत होतो.

अर्जाचा नमुना नसतो, कारण व्यक्तीने किंवा संस्थेने अर्ज करावा अशी ही योजनाच नाही. गावाने ठराव करायचा, यंत्रणेने अंदाजपत्रक करायचं, प्रतिष्ठानने मंजुरी द्यायची आणि सरकारी विभागाने काम करायचं, अशी तिची चाल आहे. तुमच्या बचत गटाच्या खात्यात थेट पैसे येतील ही आशा सध्या बाजूला ठेवा. गटाचं काम पुढे येतं, आणि मोठं येतं.

पहिली पायरी: तुमचं गाव यादीत आहे का?

निधी खर्च करायची जी केंद्राची योजना आहे, प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजना, तिच्या मार्गदर्शक सूचना जानेवारी २०२४ मध्ये सुधारल्या. त्यानुसार खाणीपासून १५ किलोमीटरच्या आतला भाग ‘प्रत्यक्ष बाधित’ आणि २५ किलोमीटरपर्यंतचा ‘अप्रत्यक्ष बाधित’. निदान ७० टक्के पैसा प्रत्यक्ष बाधित भागातच लावायचा. तुम्ही ६ किलोमीटरवर, म्हणजे प्रश्नच यायला नको. पण गंमत अशी की यादी ही यादी असते. गाव जमिनीवर खाणीला खेटून आणि यादीतून गायब, असं मी दोनदा पाहिलंय. एकदा गावाच्या नावातला ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ टंकलिखित करताना उलटे झाले होते. निधी नदीपलीकडच्या गावाला, धूळ अलीकडच्या गावाला.

म्हणून यादीची प्रत हातात घ्या. ती जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेत असते, संकेतस्थळावरही असायला हवी. तोंडी विचारून मिळाली तर उत्तम. नाहीतर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, त्यामुळे गावाची सगळी गाऱ्हाणी त्यात भरू नका. एवढंच लिहा: “जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष बाधित गावांच्या यादीची प्रत, तसेच मौजा अमुक या गावासाठी प्रतिष्ठानच्या स्थापनेपासून आजपर्यंत मंजूर झालेल्या कामांची यादी, प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक व दिनांक, मंजूर रक्कम, झालेला खर्च व कार्यान्वयन यंत्रणेचे नाव मिळावे.” बस. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील.

दुसऱ्या भागाचं उत्तर नीट वाचा. तुमच्या गावाच्या नावावर आधीच तीन कामं ‘पूर्ण’ दिसण्याची शक्यता आहे. एका गावात व्यायामशाळेचं साहित्य मंजूर होऊन, खरेदी होऊन, खर्चही पडला होता. गावात व्यायामशाळा नव्हती. साहित्य दुसऱ्या गावच्या सभागृहात प्लॅस्टिकच्या वेष्टनात निघालं.

आता काय मागायचं. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण गावं इथेच चुकतात.

योजनेत ‘उच्च प्राधान्य’ अशी एक बाजू आहे: पिण्याचं पाणी, प्रदूषण नियंत्रण, आरोग्य, शिक्षण, महिला-बालकल्याण, वृद्ध आणि दिव्यांग, कौशल्य विकास, स्वच्छता, २०२४ मध्ये त्यात घरकुल, शेती आणि पशुपालनही आलं. आधी यावर निदान ६० टक्के खर्च करायचा नियम होता, आता ७० आहे. उरलेल्या ३० मध्ये रस्ते, पूल, सिंचन वगैरे. प्रत्यक्षात आमच्याकडे सगळ्यांची नजर रस्त्यावर असते. रस्त्याचं काम मोठं, पटकन दिसतं आणि कंत्राटदाराला सोपं. पाण्याचं काम किचकट. म्हणूनच पाण्याचं मागा. तिथे स्पर्धा कमी असते आणि नियम तुमच्या बाजूने असतो.

पण ‘पाणी खराब आहे’ हे वाक्य फायलीत टिकत नाही. आकडा लागतो. दोन्ही विहिरींचे आणि हातपंपाचे नमुने शासकीय प्रयोगशाळेत द्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय पातळीवर प्रयोगशाळा आहेत, ग्रामपंचायतीमार्फत गेलात तर सोपं जातं. एकदा उन्हाळ्यात मेमध्ये आणि एकदा पावसाळ्यानंतर. दोन ऋतूंचे अहवाल असले की ‘तेवढ्यापुरतं असेल’ हे उत्तर बंद होतं. अहवालात हे पाहा: विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचे. कठीणपणा २०० आणि ६००. सल्फेट २०० आणि ४००. फ्लोराइड १ आणि १.५. नायट्रेट ४५, त्यापुढे सूट नाही.

यात एक बारकावा आहे, तो लक्षात ठेवा. चंद्रपूर जिल्ह्यात फ्लोराइड बऱ्याच गावांत सापडतं आणि ते खडकातून येतं. फ्लोराइडचा अहवाल घेऊन तुम्ही ‘खाणीमुळे आमच्या पोरांचे दात पिवळे पडले’ म्हणालात, तर समोरचा भूवैज्ञानिक एका मिनिटात तुमचं म्हणणं खोडेल आणि मग तुमच्या खऱ्या मुद्द्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. खाणीच्या पाण्याची खूण बहुधा सल्फेट, कठीणपणा आणि एकूण क्षार वाढण्यात दिसते. विहीर लवकर आटते त्याचं कारणही वेगळं असू शकतं. उघडी खाण खोल गेली की तळातलं पाणी सतत उपसावं लागतं, त्याने आजूबाजूची भूजल पातळी खाली ओढली जाते. विहिरीच्या पातळीची नोंद महिन्यातून एकदा दोरीने मोजून वहीत ठेवा. शाळेतली पोरं हे काम फार प्रेमाने करतात.

आणि गंमत म्हणजे, खनिज निधीसाठी ‘हे खाणीमुळेच झालं’ हे सिद्ध करावंच लागत नाही. बाधित क्षेत्रात असणं आणि गरज असणं पुरे. फ्लोराइड खडकातून आलेलं असलं तरी पाणी शुद्ध करायला हा निधी चालतो. त्यामुळे अर्धा दिवस खाणीला शिव्या देण्यात घालवू नका. तो वाद दुसऱ्या दारात करायचा, त्याबद्दल पुढे सांगतो.

अहवाल आला की पहिला विचार येतो आरओ मशीनचा. पाच रुपयांचं नाणं टाका, वीस लिटर घ्या. मी अशी मशीनं बसवली आहेत, आणि बंद पडलेली मोजलीही आहेत. एका गावात उद्घाटनाच्या दिवशी फुगे लावले होते. वर्षभराने गेलो तर फुग्यांची दोरी तशीच होती आणि मशीनच्या खोलीत कोणाचं तरी कुटाराचं पोतं. काय झालं? पडदा बदलायला पैसे नव्हते, वीजबिल कोणाच्या नावावर हे ठरलं नव्हतं, आणि बसवून देणारा एजन्सीवाला फोन उचलत नव्हता. अंदाजपत्रकात मशीन होतं, मशीन चालवणं नव्हतं.

म्हणून मागताना वस्तू मागू नका, चालू राहणारी सोय मागा. पाच वर्षांची देखभाल-दुरुस्ती निविदेतच धरलेली असावी, बिलाचा काही हिस्सा दरवर्षी मशीन चालू असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला पाहूनच सुटावा, वीजजोडणी कोणाच्या नावे ते आधी ठरावं, आणि आरओमधून जे खारट पाणी वाया जातं ते कुठे सोडणार याचंही उत्तर असावं. छोट्या यंत्रांत निम्म्याच्या आसपास पाणी वाया जातं. ज्या गावात उन्हाळ्यात पाणीच नाही तिथे हा हिशेब दुखतो. तुमच्या भागात नदीवरून येणारी प्रादेशिक नळयोजना जवळून जात असेल तर तिची शाखा वाढवून घेणं मला आरओपेक्षा शंभर पटीने पसंत आहे. उपअभियंत्याला हा पर्याय मुद्दाम विचारा, तो स्वतःहून सांगणार नाही.

खाणीतून उपसलेल्या पाण्याचाही विचार करता येतो. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीला वेकोलिने (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने) खाणीचं पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीत भरलं, म्हणजे तंत्र अशक्य नाही. पण रोजच्या पिण्यापेक्षा ते शेतीला आणि तलाव भरायला देणं जास्त सोपं पडतं. आणि त्यासाठी खनिज निधी नव्हे, खाण व्यवस्थापनाशी बोलायचं.

आता ते दुसरं दार.

रस्त्यावर पाणी मारणं, ट्रकवर ताडपत्री, ओबीच्या (कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या) ढिगाऱ्यांवर झाडं, ढिगाऱ्याची माती नाल्यात येऊ नये म्हणून बांध, चाकं धुवायची सोय, ही कामं खनिज निधीतून मागू नका. कोणी सुचवलं तरी नको म्हणा. ही खाणीची स्वतःची जबाबदारी आहे, पर्यावरण मंजुरीच्या अटींत लिहिलेली. ती तुमच्या निधीतून केली की खाणवाल्याचा खर्च वाचतो आणि तुमचा पैसा जातो. मी एका बैठकीत ‘धूळ नियंत्रणासाठी टँकर’ असा प्रस्ताव ऐकला, निधी बाधितांचा आणि रस्ता खाणीचा! आणि सगळे माना डोलावत होते.

खाणीची पर्यावरण मंजुरी ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर सापडते. तिच्यातल्या अटी पाळल्या की नाही याचा अहवाल खाणवाल्याला वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो आणि तो जाहीर करावा लागतो. गावातल्या शिकलेल्या मुलाला तो उतरवायला लावा. त्यात लिहिलेलं असतं, ‘रस्त्यावर नियमित पाणी मारले जाते’. तुम्ही पंधरा दिवस सकाळी आठ आणि दुपारी तीनला त्याच जागेवरून तारीख-वेळेसह फोटो काढा. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात तक्रार द्या, अहवालाचं वाक्य आणि तुमचे फोटो शेजारी शेजारी जोडून. दहा पानांच्या निवेदनापेक्षा याला जास्त धार असते. चंद्रपूरचं प्रदूषण ही काही नवी बातमी नाही. केंद्रीय मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुण घेऊन चौथं होतं. पण जिल्हा प्रदूषित आहे या वाक्यावर कारवाई होत नाही, अमुक दिवशी अमुक ठिकाणी टँकर आला नाही यावर होते.

काळ्या कापसाचं तसंच. नुकसानभरपाई ही खनिज निधीची वाट नाही. कृषी सहायक आणि तलाठी यांच्याकडून पंचनामा करून घ्या, नमुना बोंडं कागदी पिशवीत जपून ठेवा, बाजार समितीतली भावाची पावती ठेवा. सुरुंगाने घरांना तडे गेले असतील तर त्यांचीही वेगळी तक्रार, तारखा-वेळांसह. आणि गावाखाली जुनी भुयारी खाण असेल तर ती गोष्ट ठरावातल्या बाकीच्या विषयांत मिसळू नका, ताबडतोब वेगळी लिहून द्या. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. त्यानंतर तिथली कुटुंबं हलवावी लागली. तिथे अहवालांची वाट पाहायची नसते.

ठराव कसा करायचा.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, बहुतेक गावांत ती कागदावरच होते. तुम्ही खरी घ्या. पाण्याचा विषय बायकांच्या डोक्यावरचा आहे, तिथून तो एकमुखाने आला की ग्रामसभेत त्याच्यावर समाजमंदिराचं रंगकाम बसत नाही. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यात जो आकडा कमी तो. सह्या त्याच दिवशी, त्याच वहीत. मागाहून घरोघरी फिरून घेतलेल्या सह्या पुढे तक्रार झाली की उघड्या पडतात.

आणि एका ठरावात एकच काम. गावं बावीस कामांची यादी पाठवतात, वरून कोणीतरी त्यातलं सतरावं निवडतो, आणि मग ‘ग्रामसभेची मागणी होती’ असं म्हणायला कागद तयारच असतो. तुम्ही असा लिहा:

“गावातील पिण्याच्या पाण्याच्या दोन विहिरींचे नमुने अमुक दिनांकांस शासकीय प्रयोगशाळेत तपासले असता सल्फेट व एकूण क्षार यांचे प्रमाण अनुक्रमे इतके व इतके आढळले. अहवालाच्या प्रती सोबत. गावची लोकसंख्या इतकी असून दुसरा शुद्ध स्रोत नाही. गाव प्रत्यक्ष बाधित यादीत अनुक्रमांक इतक्यावर आहे. सबब अमुक योजनेचे काम जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या वार्षिक आराखड्यात उच्च प्राधान्य, पिण्याचे पाणी, या शीर्षाखाली समाविष्ट करावे. अंदाजपत्रकात ५ वर्षांच्या देखभाल-दुरुस्तीची तरतूद असावी.”

सूचक आणि अनुमोदक दोन्ही महिला असल्या तर छान. तोच विषय ग्रामपंचायतीच्या ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यातही घालून घ्या, म्हणजे दोन ठिकाणी नोंद राहते.

तुमच्या भागातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तुमचं त्यात असेल तर हातात आणखी बळ आहे. अशा गावांत खनिज निधीच्या आराखड्याला, कामांना आणि लाभार्थ्यांच्या यादीला ग्रामसभेची मान्यता घ्यावी लागते. म्हणजे तुम्ही न मागितलेलं काम वरून आलं तर ग्रामसभा ते नाकारू शकते. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणून दाखवलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. आपल्याकडची बरीच गावं अजून नको असलेला सभामंडपही गुपचूप घेतात, कारण ‘आलेलं परत कशाला पाठवायचं’. अशा गावांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधीही (कशावर खर्चायचा ते ग्रामसभेने ठरवायचा) येतो, छोट्या दुरुस्त्या त्यातूनच उरका, खनिज निधीची वाट पाहू नका.

पुढे फाइल कशी जाते.

ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे आवक शाखेत, शिक्का आणि क्रमांक घेऊन. दुसरी प्रत जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाला, कारण अंदाजपत्रक तेच करणार. शाखा अभियंता येऊन मोजमाप करेल, चालू दरसूचीने अंदाजपत्रक लावेल, त्याला तांत्रिक मान्यता मिळेल, मग प्रतिष्ठानच्या समितीपुढे, मग प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश. फाइल सगळ्यात जास्त दिवस कुठे झोपते? लोकांना वाटतं जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर. माझ्या अनुभवात ती अंदाजपत्रकाच्या आधीच झोपते. शाखा अभियंत्याकडे चाळीस गावं आणि एक मोटारसायकल असते. त्याला फोन करून दिवस ठरवून घ्या, त्या दिवशी विहिरीवर पाच बाया, लोकसंख्येचा आकडा, जागेचा सातबारा किंवा नमुना ८ आणि पाण्याचे अहवाल तयार ठेवा. जागेचा कागद नसल्याने मंजूर कामं परत गेलेली मी पाहिली आहेत.

वेळही पाहा. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि कार्यारंभ आदेश झालेला नसेल तर काम थांबतं. मार्चअखेर घाईत झालेली कामं टाळता आली तर टाळा, त्या सिमेंटला पाणी मारायला कोणाला वेळ नसतो.

आमदारांचं पत्र घ्यावं का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारणार आहात. २०२१ च्या केंद्राच्या आदेशाने प्रतिष्ठानच्या नियामक परिषदेचं अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं आणि खासदार-आमदारांना सदस्य केलं. ते तिथे बसतात, बोलतात, त्यांच्या याद्या असतात. काही कार्यकर्ते अभिमानाने सांगतात की आम्ही पुढाऱ्याच्या दारात गेलो नाही. त्यांच्या गावात अजून तीच विहीर आहे. पत्र घ्या, सगळ्या पक्षांचं घ्या, फक्त ठराव आधी आणि पत्र नंतर. पत्रात ‘ग्रामसभा ठराव क्रमांक अमुकनुसार’ हे शब्द आले पाहिजेत. उलट झालं तर काम गावाचं राहत नाही, कार्यकर्त्याचं होतं, आणि कंत्राटदारही तोच ठरवतो.

आता तुमचा बचत गट. काम पूर्ण झाल्यावर पाणीकेंद्र चालवायला ग्रामपंचायतीने गटाशी करार करावा. वीस लिटरमागे जे पैसे गोळा होतील ते वेगळ्या बँक खात्यात, रोजची नोंद वहीत, महिन्याला वाचन चावडीवर. मी पाहिलेल्या केंद्रांत जी टिकली त्यातली बहुतेक बायकांकडे होती. कारण सोपं आहे. मशीन बंद पडलं तर दोन किलोमीटर चालायचं कोणाला असतं? एका गटाने तर मशीनवाल्या एजन्सीच्या माणसाला दुरुस्ती होईपर्यंत चहा देऊन बसवून ठेवलं होतं, चार तास.

काम चालू असताना फलक लागलाय का पाहा: योजनेचं नाव, रक्कम, कंत्राटदार, मुदत. पाइपचा व्यास अंदाजपत्रकात किती आणि चरात किती, हे मोजायला टेप लागतो, पदवी नाही. चर बुजण्याआधी फोटो काढा, बुजल्यावर सगळेच पाइप सारखे. शेवटी यंत्रणा ग्रामपंचायतीकडून हस्तांतरणाच्या कागदावर सही मागते. निदान पंधरा दिवस सलग पाणी चालल्याशिवाय आणि नवा तपासणी अहवाल आल्याशिवाय सरपंचांना ती करू देऊ नका. ही एक सही हातात असेपर्यंतच तुमचा फोन उचलला जातो.

या आठवड्यात एवढंच करा: यादीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज, आणि पाण्याच्या बाटल्या. रासायनिक तपासणीची बाटली वेगळी, जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच आणायची आणि थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवायची. बाटलीवर विहिरीचं नाव, तारीख, वेळ लिहा. शनिवारी नेऊ नका, सोमवारपर्यंत पडून राहते आणि अहवाल कामाचा राहत नाही. सोमवारी सकाळच्या पहिल्या बसने द्या.